भिवंडी पाहावी जोत्यापासून

इंग्लंडला जाऊन आलेला कुणी नातेवाईक यॉर्क किंवा चेस्टरचं कौतुक सांगायला लागला की मुकाट्याने ऐकून घ्यावं. जुन्या तटावरून चालत शहराला फेरी मारता येते, जागोजागी फलक असतात, हातात छापील नकाशा मिळतो, पाय दुखले तर बसायला बाक असतो. भिवंडीत यातलं काही नाही. इथे ट्रक आहेत, धूळ आहे आणि ‘इथे बघण्यासारखं काय आहे?’ असं उलट विचारणारे स्थानिक लोक आहेत. तरीही एका दिवसात जवळपास दीड हजार वर्षांचं बांधकाम डोळ्यांखालून घालायचं असेल, तर ठाणे-कल्याणच्या माणसाला इतकी जवळची आणि इतकी कमी पाहिलेली जागा शोधून सापडणार नाही. लेणं, शिलाहारांच्या काळातलं देऊळ, बंदराकाठची पेठ, लूमचे कारखाने, पेशवाईतलं मंदिर, 2025 मध्ये उघडलेलं मंदिर आणि त्या सगळ्यांना गिळायला निघालेली गोदामं, हे सगळं एकाच तालुक्यात आहे.

फक्त बघायची रीत थोडी बदलावी लागते. जुन्या इमारतीपुढे उभं राहिलो की आपली नजर आधी वर जाते: कळस, घुमट, सज्जा, नक्षी. भिवंडीत ती खाली न्यावी. हे व्यापाराचं गाव आहे. इथली इमारत समजते ती तिच्या जोत्यावरून: ते जमिनीपासून किती उंच आहे आणि त्यावरून माल आत-बाहेर कसा जायचा, होडीने, बैलगाडीने, हमालाच्या डोक्यावरून की कंटेनरने? एवढा एकच प्रश्न दिवसभर सोबत ठेवला तर लेण्यापासून गोदामापर्यंत सगळं एका धाग्यात येतं.

निघण्यापूर्वी थोडा इतिहास डोक्यात असू द्या, कारण जागेवर सांगायला कुणी भेटणार नाही. भिवंडी वसली कामवारी नदीच्या काठी, आणि तिचा जुना व्यापार खाडीच्या पाण्यावर चालला. मोगल काळातल्या कागदांत तिचं नाव इस्लामाबाद असं येतं. 24 ऑक्टोबर 1657 रोजी शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीवर जहाजबांधणी सुरू केली. त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर होता. वसईच्या पोर्तुगीजांना हे अर्थातच रुचलं नाही. पुढे 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, साधारण वर्षभराने ती कल्याणला पोहोचली, आणि भिवंडी बाजूला राहिली. आजही मुंबईची लोकल भिवंडीला जात नाही. भिवंडी रोड नावाचं स्थानक आहे, पण ते दिवा-वसई मार्गावर, आणि तिथल्या गाड्या मोजक्या. पाणी मागे पडलं, रेल्वे आली नाही, उरला आग्रा रोड. भिवंडीच्या आजच्या रूपाचं अर्धं कारण या एका वाक्यात आहे.

वार निवडताना शुक्रवार टाळा. भिवंडीतल्या बहुतेक लूमना त्या दिवशी सुट्टी असते, आणि भिवंडीला जाऊन लूम बंद पाहणं म्हणजे पंढरपूरला जाऊन देऊळ बंद पाहणं. रविवारी लूम चालू असतात, पण वज्रेश्वरीला गर्दी उसळते. म्हणून मधला एखादा वार बरा. ऋतूंमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोयीचा. पावसाळ्यात लोनाडची टेकडी हिरवीगार होते हे खरं, पण शहरातल्या सखल भागात पाणी साचतं आणि कुठला खड्डा किती खोल याचा भरवसा राहत नाही. पायात बंद बूट, डोक्याला टोपी, धुळीसाठी रुमाल, पाण्याची मोठी बाटली आणि लेण्यासाठी छोटी विजेरी घ्या. मोबाईलचा दिवाही चालतो, पण शिल्पावर बाजूने उजेड टाकायला वेगळी विजेरी हाताशी बरी पडते. चौघं-पाचजण असाल तर दिवसभरासाठी गाडी ठरवणं सगळ्यात स्वस्त. एकटे असाल तर शहरापुरती रिक्षा आणि बाहेरच्या ठिकाणांसाठी एसटी, पण मग दुपारनंतरचं एक ठिकाण सोडून द्यावं लागेल.

सुरुवात भिवंडीतून न करता कल्याणहून करा. सकाळी सातच्या आसपास कल्याण पश्चिमेहून गांधारी पूल ओलांडला की पडघ्याकडे जाणारा रस्ता लागतो. त्या बाजूला बापगाव, पुढे लोनाड. लोनाडला दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बरेच लोक एक पाहून परत फिरतात. टेकडीत कोरलेलं बौद्ध लेणं हे पहिलं. ते साधारण पाचव्या-सहाव्या शतकातलं मानतात. आता तिथे खंडेश्वरी देवीचं ठाणं आहे, त्यामुळे गावात लेणं विचारण्यापेक्षा ‘खंडेश्वरीचं देऊळ कुठे’ असं विचारलं तर बोट लगेच दिशा दाखवतं. चपला बाहेर काढा, देवीपुढे हात जोडा, मग व्हरांड्यातल्या शिल्पपटाकडे वळा. त्यात राजसभेचा देखावा आहे आणि अभ्यासकांनी तो जातककथेशी जोडला आहे. सकाळचं तिरपं ऊन असेल तोवर आकृत्या उठून दिसतात. डोक्यावर ऊन आलं की सगळा पट सपाट होऊन जातो. लवकर निघण्याचं खरं कारण हेच. दिव्याचा झोत समोरून टाकू नका, एका बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरा. झिजलेल्या चेहऱ्यांनाही मग नाक-डोळे फुटतात.

इथे जोत्याचा प्रश्न विचारून बघा. लेण्याला जोतं नसतंच, कारण ते रचलेलं नाही, वजा करत नेलेलं आहे. आणि असं लेणं आडरानात का? कल्याण हे सातवाहनांच्या काळापासूनचं मोठं बंदर. तिथून घाटावर जाणाऱ्या वाटांच्या आसपास भिक्खूंचे विहार खोदले गेले, कारण वाटेवर व्यापारी होते आणि व्यापाऱ्यांकडे दान होतं. मालाची वाट आणि बांधकाम यांचं नातं भिवंडी तालुक्यात तेव्हापासूनचं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे लोनाडचं शिवमंदिर. शिलाहारांच्या काळातलं हे देऊळ बरंच मोडलं आहे, तरी उरलेल्या दगडांवरचं काम थांबून बघण्याजोगं आहे. या परिसरात शिलाहारांचे शिलालेखही मिळाले. लोनाडचा अपरादित्याचा लेख शके 1106 चा, म्हणजे इसवी सन 1184 चा. ज्यांनी अंबरनाथचं मंदिर पाहिलं आहे त्यांना इथे ओळखीच्या खुणा दिसतील. अंबरनाथचा लेख शके 982 चा, म्हणजे तो सव्वाशे वर्षांनी आधीचा. अंबरनाथ पाहिलं नसेल तर लोनाड आधी पाहू नका असं मी म्हणेन. पूर्ण देऊळ डोळ्यांत असलं तरच मोडक्या देवळातला हरवलेला भाग मनाने भरता येतो. पडलेल्या शिळांवर बसून डबा खाणारी मंडळी इथे दिसतात. तुम्ही तेवढं करू नका.

साडेनऊ-दहापर्यंत भिवंडी शहरात या. गाडी असेल तर ती कल्याण नाक्याच्या किंवा धामणकर नाक्याच्या बाजूला कुठेतरी सुखरूप लावून टाका आणि पुढचे दोन तास तिचं नाव काढू नका. जुनी भिवंडी चालतच पाहायची. तीनबत्ती, बाजारपेठ, पारनाका, ब्राह्मण आळी, कासार आळी, बंदर मोहल्ला, निजामपुरा: ही नावं विचारत गेलात की पेठेची मांडणी आपोआप उलगडते. जातीधंद्याच्या आळ्या एका अंगाला, कोकणी मुसलमानांचे मोहल्ले दुसऱ्या अंगाला, मधे बाजार, आणि उतार धरून गेलं की पाणी. बंदर मोहल्ल्यात आता गलबतं येत नाहीत, कामवारीचं पाणी बघवत नाही, पण उतारावरून चालताना रस्ता असा का वळतो ते पायांना कळतं.

या भागात जुनी घरं आता तुकड्यांनी उरली आहेत. एक पूर्ण, शेजारी अर्धं, त्याच्या शेजारी चार मजली काँक्रीट. त्यामुळे फोटो काढत पळण्याऐवजी एखादं चांगलं घर निवडा आणि समोरच्या फूटपाथवर दहा मिनिटं उभे राहा. खालून सुरुवात करा. काळ्या घडीव दगडाचं जोतं, त्यावर ओटा, ओट्यावर लाकडी खांब. खांबाचा पाय दगडी तळखड्यावर ठेवलेला असतो, थेट जमिनीत पुरलेला नसतो, म्हणजे ओल चढत नाही आणि वाळवीलाही वाट मिळत नाही. खांबाच्या डोक्यावर तुळई, तुळयांवर कडीपाट, वर माडी. माडीच्या पुढच्या अंगाला लाकडी कठडा, आणि छपराच्या वळचणीला कातरलेल्या फळीची झालर. छपरावर मंगलोरी कौलं असतील तर घर जुनं असलं तरी ते छप्पर 1865 नंतरचं, कारण मंगलोरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो त्या वर्षी. त्याआधी कुंभारी, अर्धगोल नळीची कौलं असत. कौल खाली पडलेलं दिसलं तर उचलून उलटं करा, कारखान्याचा छाप सापडण्याचा संभव आहे.

आता जोत्याची उंची बघा. पेठेतल्या जुन्या दुकानाचा ओटा कमरेला लागतो, कारण त्यावर बैलगाडीतून पोतं सरकवायचं असे. राहत्या घराचा ओटा त्याहून बुटका, टेकून बसता येईल इतका. आणि काही घरांपुढे तर जोतं दिसतच नाही, दोन पायऱ्या उतरून आत जावं लागतं. घर खचलं असं वाटतं, पण ते जागेवरच आहे. वर्षानुवर्षं डांबरावर डांबर आणि त्यावर काँक्रीट चढत गेलं, रस्ता वर आला. पावसाळ्यात या घरांचे उंबरठे कसे भिजत असतील ते वेगळं सांगायला नको.

कोटरगेटची मशीद आणि दिवाणशाहचा दर्गा ही शहरातली दोन जुनी श्रद्धास्थानं. नमाजाची वेळ सोडून जा, डोकं झाका, आत जायचं असेल तर बाहेरच्या माणसाला विचारा. बायकांना कुठवर जाता येतं तेही तिथेच विचारून घ्यावं, अंदाजाने पुढे होऊ नये. भाषेची काळजी नको. कोकणी मुसलमान घरांत तुम्हाला तुमच्यापेक्षा ठसकेबाज कोकणी बोली ऐकू येईल. पुढे पद्मानगरला गेलात की दुकानांवरच्या पाट्या तेलुगू होतात. तिकडे पद्मशाली विणकरांची वस्ती. शांतीनगर, गायत्रीनगरच्या बाजूला उत्तर प्रदेश-बिहारची हिंदी. शहराचा नकाशा कानांनीही काढता येतो.

आणि मग लूम. भिवंडीत माग आले ते उत्तर हिंदुस्थानातल्या विणकरांबरोबर. 1857 नंतर मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकले, काही मालेगावला थांबले, काही भिवंडीपर्यंत आले. वीज आल्यावर हातमागाच्या जागी यंत्रमाग बसले, आणि मुंबईच्या गिरण्यांना 1982 च्या संपाने खीळ बसली तेव्हा विणकामाचा मोठा वाटा इकडे वळला. देशातल्या यंत्रमागांचा फार मोठा हिस्सा या एका शहरात आहे. म्हणून भिवंडीला मँचेस्टर म्हणायची पद्धत पडली. ही उपमा भाषणात शोभते, इमारतीत उतरत नाही. लँकशायरच्या विणाई शेडांना करवतीच्या दातांसारखं छप्पर असे, प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन आत न येता सारखा उजेड मिळे. मुंबईच्या गिरण्यांनी तेच छप्पर उचललं. भिवंडीच्या लूमवाल्याने एवढा खर्च केला नाही. त्याने साधी दुपाखी पत्र्याची शेड ठोकली आणि ट्यूबलाइटा टांगल्या. तसंही मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य भिवंडीच्या डोक्यावरून उत्तरेकडे झुकतो. लँकशायरची युक्ती इथे त्या दिवसांत फसली असती.

लूमचा कारखाना आतून पाहायचा असेल तर ओळख काढून जा. ओळख नसेल तर दारात उभं राहून मालकाला किंवा मुकादमाला सरळ सांगा की बघायला आलोय. चहाच्या वेळेला विचारलं तर नकार क्वचितच येतो. कॅमेरा मात्र आधी खिशात ठेवा. कामगारांचे, त्यातही मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. ओढणी, पदर, गळ्यातला मफलर घट्ट खोचून घ्या, पट्टे उघडे फिरत असतात.

आत पाऊल टाकलं की पहिली काही मिनिटं फक्त आवाज असतो. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला मारला जातो, तिथल्या पेटीत आदळतो, परत मारला जातो, आणि असे दोन-तीन डझन माग एकाच वेळी. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. कामगार बोलतच नाहीत, हातवाऱ्यांनी काम चालतं. डोळे सरावले की शेडची रचना बघा. मागच्या बाजूला ताण्याचा बीम, पुढे विणलेलं कापड गुंडाळलं जातंय, बाण्याची कांडी संपली की कामगार ती बदलतो, आणि दोन रांगांच्या मधली वाट एका माणसापुरती. हवेत सुताचा भुसा. तो खिडकीच्या गजांवर, वायरींवर, पंख्याच्या पात्यांवर पांढरा साचलेला. खिडक्या बहुधा बंद, कारण वारा आला की धागा तुटतो. आता पायांखाली लक्ष द्या. फरशी थरथरते. जुन्या धाटणीचे माग तळमजल्यावरच बसवावेत यामागचं कारण ही थरथर आहे. शेडला जोतं नाहीच म्हटलं तरी चालेल. बीम ढकलत आत न्यायचा आणि कापडाचे ताके खांद्यावरून बाहेर काढायचे, त्यामुळे उंबरठा जितका सपाट तितका बरा.

अडचण सुरू होते ती याच शेडवर माडी चढली तेव्हा. खाली लूम आणि वर कामगारांच्या खोल्या, ही भिवंडीतली सर्रास मांडणी. दिवसपाळीचा माणूस उठला की रातपाळीचा त्याच जागेवर झोपतो, जेवण जवळच्या बिसीत, म्हणजे खानावळीत. शहरात जागा नव्हती आणि गरज होती, त्यातून कोणत्याही आराखड्याशिवाय मजले वाढले. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपेतल्या माणसांवर कोसळली, तिशीच्या वर माणसं गेली. म्हणून फिरताना ‘धोकादायक इमारत’ अशी महापालिकेची पाटी किंवा टेकू दिलेला सज्जा दिसला तर फोटोच्या मोहाने खाली उभे राहू नका. आणि तिथे राहणाऱ्याला ‘तुम्ही सोडून का जात नाही’ असं विचारू नका. उत्तर त्याला माहीत आहे, आपल्यालाही.

नव्या पद्धतीचे रॅपियर किंवा एअरजेट माग बघायला मिळाले तर जरूर बघा. त्यांना मोठी, उंच, गार ठेवलेली शेड लागते, आणि ती शहरात मावत नाही. नवे कारखाने गावाबाहेर गेले ते यामुळेही.

जेवण बारा-साडेबाराला उरकून घ्या. मांसाहारी असाल तर शहरातच जेवा, कोकणी मुसलमानी पद्धतीचं जेवण देणारी जागा कोणती ते पेठेतल्या दुकानदाराला विचारा, फलकावर जाऊ नका. शाकाहारी लोकांची सोय पद्मानगरच्या दाक्षिणात्य हॉटेलांत चांगली होते. महामार्गावरचे मोठे ढाबे टाळलेले बरे, तिथे जेवण होतं पण तास जातो.

दुपारचे दोन रस्ते आहेत आणि एका दिवसात दोन्ही करायला गेलात तर एकही धड होणार नाही. पहिला अंजूरचा. ठाण्याकडे परतायचं असेल तर तो वाटेवर पडतो. अंजूरफाटा सगळ्यांना वाहतुकीच्या कोंडीमुळे ठाऊक, फाट्यावरून आत अंजूर गाव आहे ते थोड्यांना. गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांचे भाऊ इथले. पोर्तुगीजांच्या जाचाविरुद्ध साष्टी-वसईवर मोहीम काढावी म्हणून पेशव्यांकडे ज्यांनी धोशा लावला आणि मोहिमेत स्वतः उतरले, त्यांच्यात हे घराणं पुढे होतं. नाईकांचा वाडा आणि त्यातलं गणपतीचं ठाणं ही इथली पाहण्याची जागा. हे राहतं घर आहे हे विसरू नका. आधी विचारून, ठरलेल्या वेळी, चारदोन माणसांनीच जावं. माघी किंवा भाद्रपदातल्या उत्सवात गेलात तर दार उघडंच असतं, पण मग वाडा बघायला जागा नसते.

दुसरा रस्ता वज्रेश्वरीचा, आणि निवड माझ्यावर सोपवली तर मी हाच सांगेन. भिवंडी-वाडा रस्त्याने अंबाडीपर्यंत जायचं आणि तिथून वळायचं, साधारण 30 किलोमीटर. अंजूरकरांनी जी मोहीम घडवून आणायला जिवाचं रान केलं, तिच्या यशाचं हे स्मारक. वसई सर करण्यापूर्वी चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला, मे 1739 मध्ये वसई पडली, आणि नवस फेडायला मंदिर उभं राहिलं. आता त्याच्या अंगाकडे बघा: देवळाभोवती किल्ल्यासारखी दगडी तटबंदी, वर चढायला 52 पायऱ्या, आणि तोंडाशी नगारखाना. या नगारखान्याचं दार वसईच्या किल्ल्याच्या दरवाजाच्या मापाचं आहे असं सांगतात. किल्ला जिंकला आणि त्याचं माप देवीच्या दाराला दिलं, ही कल्पना खरी-खोटी कशीही असो, बघण्यात रंगत आणते. पायऱ्या चढताना एका पायरीवरचं सोनेरी कासव चुकवू नका. दर्शनाच्या रांगेत त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडं जवळच आहेत, अकलोली आणि गणेशपुरीला. पण स्थापत्याच्या दिवशी त्यात उतरलात की दिवस संपला असं समजा. गणेशपुरीला नित्यानंद महाराजांची समाधी आहे. वेळ उरला तरच जा.

या मंदिराची जोडी लावायची ती मराडे पाड्याच्या शिवाजी महाराजांच्या मंदिराशी. ते भिवंडी तालुक्यातच आहे, 17 मार्च 2025 रोजी, तिथीच्या शिवजयंतीला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. आतली मूर्ती अरुण योगीराज यांची, अयोध्येच्या रामलल्लाची मूर्ती घडवणारे तेच. याही मंदिराला तट आहे, बुरूज आहेत, भव्य प्रवेशद्वार आहे, आणि तटाच्या आत महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग मांडले आहेत. रस्ता फोनच्या नकाशात आधीच पाहून ठेवा आणि शेवटचा टप्पा गावकऱ्यांना विचारत जा. एकाच दिवसात दोन्ही तट पाहिल्यावर तुलना आपसूक होते. वज्रेश्वरीचा तट बांधणाऱ्यांनी लढाईतले तट पाहिले होते, कदाचित फोडलेही होते. मराडे पाड्याच्या तटाला कुणाला रोखायचं नाही, त्याला आठवण करून द्यायची आहे. मला पहिला तट आवडतो. माझ्याबरोबर येणाऱ्या तरुण मुलांना दुसरा आवडतो आणि ते तिथे जास्त वेळ रमतात, हेही नोंदवलं पाहिजे.

आता उरलं भिवंडीचं सगळ्यात नवं आणि सगळ्यात जास्त जागा व्यापलेलं स्थापत्य. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, परतताना दोन्ही बाजूंना तेच दिसतं. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली, सोनाळे, पडघा. मुंबईत माल आणला की जकात भरावी लागे, म्हणून तो हद्दीबाहेर ठेवून लागेल तसा आत न्यायची रीत पडली. दोन महामार्ग जवळ, जेएनपीटी बंदर फार लांब नाही, ग्रामपंचायतीची हद्द आणि भाताची खाचरं विकायला तयार असलेले मालक. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं गेली नाहीत. उलट वाढली, कारण तोवर घरपोच सामानाचा धंदा आला होता.

यात दोन पिढ्या वेगळ्या ओळखायला शिका. पहिली पिढी कंपाउंडांची: एकाला एक लागून सिमेंटचे गाळे, लोखंडी शटर, वर एखादा मजला, मधल्या गल्लीत ट्रक वळवताना ड्रायव्हरचा कस लागतो. दुसरी पिढी महामार्गालगत: कारखान्यात तयार करून आणलेल्या पोलादी सांगाड्यांची अवाढव्य पत्र्याची पेटी, आत खांबांची गर्दी नाही, छत तीन-चार मजल्यांइतकं उंच, फरशी आरशासारखी सपाट, कारण उंच मांडण्यांमध्ये फिरणाऱ्या यंत्राला उंचसखलपणा चालत नाही. खिडक्या जवळपास नाहीतच. आणि जोतं? ते पुन्हा वर आलं आहे, साधारण चार फूट, म्हणजे कंटेनरच्या तळाबरोबर. ट्रक मागे घेऊन दाराला टेकला की माल उचलायचा नाही, सरकवायचा. बाजारपेठेतल्या दुकानाच्या ओट्यावर सकाळी हात ठेवला असेल, तर इथलं गणित समजायला वेळ लागत नाही. गोदामाच्या आत जायचा हट्ट धरू नका, पहारेकरी सोडणार नाही. बाहेरच्या टपरीवर चहा घेत दहा मिनिटं दारांकडे बघितलं तरी पुरे.

कल्याणच्या बाजूने परतणाऱ्यांनी थोडी वाट वाकडी करून आमणेकडेही नजर टाकावी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा 5 जून 2025 ला खुला झाला आणि नागपूरहून येणारा 701 किलोमीटरचा रस्ता भिवंडी तालुक्यात येऊन संपला. लोनाडचं लेणं तिथून जवळ आहे. ज्या पट्ट्यात जुनी घाटवाट उतरत होती, त्याच पट्ट्यात नवी उतरते आहे, आणि तिच्याभोवती पुढच्या दहा वर्षांत काय उभं राहणार हे कळायला ज्योतिषी नको. खाचरं अजून दिसतात तोवर पाहून घ्या.

परतीचं गणित नीट बांधा. संध्याकाळी पाचनंतर अंजूरफाटा, कशेळी आणि माणकोलीला अवजड गाड्यांची रांग लागते. ठाण्याला जाणाऱ्यांनी चारपर्यंत शहर मागे टाकलेलं बरं. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो 5 चे खांब आग्रा रोडने दिवसभर तुमच्या सोबत असतील. तुम्ही जाल त्या दिवशी धामणकर नाक्यापर्यंत गाड्या सुरू झालेल्या असतील तर येतानाच तिने या, जुनं शहर वरून पाहायची सोय आजवर कुणालाच नव्हती. कल्याणला जाणाऱ्यांना कोनगावमार्गे दुर्गाडी पूल. तिथेही कोंडी असते, पण पुलाच्या टोकाशी दुर्गाडी किल्ला आहे, आणि अडकायचंच असेल तर समोर किल्ला असलेला बरा.

वज्रेश्वरीला गेलेल्यांनी मात्र तिथून परत भिवंडीत शिरू नये. तासभर वाचतो: वज्रेश्वरीहूनच सरळ शिरसाड फाट्याने मुंबई-अहमदाबाद महामार्ग धरावा आणि विरार-वसईकडे उतरावं. एसटीने आला असाल तर शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर स्थानकात विचारून लिहून ठेवा, फलकावरची वेळ आणि खरी वेळ यांत फरक पडतो.

लहान मुलं बरोबर असतील तर लूमच्या शेडमध्ये त्यांना नेऊ नका किंवा कानात कापूस घालून पाच मिनिटांत बाहेर काढा. वयस्कर मंडळी असतील तर लोनाडची टेकडी आणि 52 पायऱ्या यांतलं एकच निवडा. आणि पेठेत कापडाच्या दुकानात शिरलात तर ताक्यातून कापून मागताना मीटरचा भाव आधी ठरवून घ्या. ग्रे, म्हणजे मागावरून आलेलं कोरं कापड धुतल्यावर आटतं, हातभर जास्तच घ्या.